लायटिंगवाली

उमेळ्याच्या खाडीकडच्या आळीत हेमांगीला सगळे लायटिंगवाली म्हणतात. चूक तिच्या बापाची. सात वर्षांपूर्वी ती व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत लागली तेव्हा काशीरामने विचारलं, काम नेमकं काय? ती म्हणाली, लायटिंग. त्याने तेच आळीभर सांगितलं, आणि आळीला लायटिंग ठाऊक ती लग्नाच्या मांडवाची नाहीतर गणपतीच्या मखराची. तेव्हापासून दर श्रावणात मंडळाचा कल्पेश दारात हजर, यंदा तोरणं कुठल्या रंगाची घ्यायची म्हणून. हेमांगीने समजावणं कधीच सोडलं. ती सरळ रंग सांगून मोकळी होते.

खरं तर तिच्या हाती अख्खं आकाश असतं. अंतराळात भटकायच्या गेममध्ये कुठल्या ग्रहावर ऊन कसं पडेल, धुळीत दिवा किती पसरेल, सावली किती गडद, हे ती ठरवते. गेले आठ महिने ती एकच ग्रह करत होती, कधीच न उजाडणारा. वर तारे, दगडांच्या कडांवर त्यांचा निळसर उजेड आणि खाली अगदी मंद चमकणारी एक नदी. पोरीने जीव ओतला होता त्यात.

घोडं अडलं ते हेल्मेटपाशी. गेममधल्या अंतराळवीराच्या हेल्मेटला रात्री दिसण्याची सोय होती. एक बटण दाबलं की सगळा ग्रह शेवाळ फासल्यासारखा हिरवागार. कंपनीने बारा जणांना खेळायला बसवलं. अकरा जणांनी पहिल्याच मिनिटाला बटण दाबलं आणि शेवटपर्यंत हिरव्यातच फिरले. बारावा कंटाळून उठला. तिचा वरिष्ठ ॲलिस्टर, माणूस सभ्य, पण त्याने फोनवर स्पष्टच सांगितलं की तुझी रात्र कोणी बघतच नाही. बुधवारपर्यंत तिथे उजेड कर, नाहीतर ग्रह काढून टाकावा लागेल.

रविवारी दुपारी खिडकीला चादर लावून हेमांगी आपल्या ग्रहावर सूर्य बसवायला बसली. डोळ्यांत पाणी होतं. काशीराम चहा घेऊन आला, त्याने लेकीचं तोंड पाहिलं आणि काय झालं ते काढून घेतलं. मग म्हणाला, उजाडायच्या आधी मला तरी एकदा दाखव. तिने खेळायचा रिमोट त्याच्या हातात दिला.

काशीराम भातशेतीवाला. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. चाळीस वर्षं तो भरतीच्या वेळी, मग ती अमावास्येची मध्यरात्र का असेना, बांधावरून उघाडी बघायला गेलेला माणूस. त्याने बटण दाबलं, हिरवं पाहून नाक मुरडलं आणि पुन्हा दाबून ते घालवलं. पडदा जवळजवळ काळा झाला. मग हात मांडीवर ठेवून तो नुसताच बसला. मिनिट गेलं, दोन गेली.

"बाबा, झोपलास का?"

"गप बस. डोळे सरावू दे."

हेमांगीला हसू आलं. गेममध्ये कसले डोळे सरावतात? काशीराम मात्र पडद्यावरची नजर न काढता सांगत होता, "बांधावर बत्ती कोन लावतो? बत्ती लावली का बत्तीपुरतंच दिसतं. बाकीचं पानी दिसत नाय."

तिचं हसू तिथेच थांबलं. तिच्या ग्रहावर मिनिटभर थांबा की तासभर, काळोख तेवढाच राहायचा. थांबणाऱ्याला काही मिळतच नव्हतं, मग थांबेल कोण? आठ महिने तिने उजेड मापला होता आणि बघणाऱ्याचे डोळेच विसरली होती.

सूर्य राहिला बाजूला. तीन दिवस तिला जेवणाची शुद्ध नव्हती. आता बटण बंद करून उभं राहिलं की आधी काहीच दिसत नाही. मग हळूहळू तारे वाढतात, दगडांच्या कडा उमटतात आणि सगळ्यात शेवटी नदी दिसते. हिरव्यात ती नदी दिसतच नाही. घाईने एकदा जरी बटण दाबलं की सरावलेले डोळे गेले, पुन्हा पहिल्यापासून थांबा.

बुधवारी नवे बारा जण बसले. नऊ जणांनी हिरवं बंद केलं. एक बाई तर नदीकाठी पाव तास नुसती उभी राहिली. ग्रह राहिला. ॲलिस्टरने विचारलं, हे सुचलं कसं? ती म्हणाली, आमचे बाबा उघाडीवर जायचे. पुढचं समजवायला एक दिवस लागला असता, म्हणून तिने ते तिथेच सोडलं.

श्रावणात कल्पेश आलाच. ओट्यावर काशीराम बसला होता. लायटिंगवाली घरात आहे का, असं कल्पेशने विचारलं.

"लायटिंग नाय करीत ती," काशीराम म्हणाला.

"मंग काय करते?"

"अंधार करते," म्हातारा छाती पुढे काढून म्हणाला. "तिच्यासारखा अंधार कोनाला जमत नाय."

आत हेमांगीचा हात कीबोर्डवरच राहिला. कल्पेशने हळूच विचारलं, की तोरणं निळी घेतली तर चालतील का.