पत्रातलं बायॉलॉजी

मुलीचा मेडिकल कॉलेजचा इंटरव्ह्यू घरूनच होता, झूमवर. शिट्टी ऐकू जाईल म्हणून मी सकाळपासून कुकरसुद्धा लावला नव्हता. इतक्या कॉलेजांना अर्ज केले, बोलावलं एकानेच. "आई, हे नाही झालं तर मी परत अप्लाय करणार नाही," असं तिने आधीच सांगून टाकलं होतं.

तिची डिग्री इतिहासाची. इथे अमेरिकेत मेडिकलला कुठलीही डिग्री चालते, फक्त सायन्सचे विषय झालेले लागतात. पुढे नोकरी सांभाळून दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गात केमिस्ट्री, फिजिक्स सगळं केलं पोरीने. आणि मी मेली काय करत होते? गणपतीत, हळदीकुंकवात, कुणी विचारलं की "बायॉलॉजी करतेय" म्हणून ठोकून देत होते! इतिहास म्हटलं की बायका "अरे वा" म्हणून लगेच विषय बदलायच्या. ते मला सोसायचं नाही.

मी तिच्या खोलीबाहेर जिन्यावर बसले होते. तिने हेडफोन लावलेला, त्यामुळे फक्त तिचाच आवाज येत होता.

"नो, हिस्टरी. ऑलवेज हिस्टरी." मग, "डॉक्टरांनी तसं लिहिलंय?" असं तिने इंग्रजीत विचारलं.

शिफारसपत्र आमच्या ओळखीतल्या डॉक्टरांचं होतं. त्यांच्या क्लिनिकमध्ये ती उन्हाळाभर जायची. असं पत्र अर्ज करणाऱ्याला वाचायला मिळत नाही, ते थेट कॉलेजला जातं. त्या भल्या माणसाने माझ्या शब्दावर विसंबून बायॉलॉजी लिहिलं, आणि आता माझी पोर खोटी ठरत होती.

आत जाऊन सांगावं का, की खोटं मी बोलले? हात दाराच्या मुठीपर्यंत गेला. पण इंटरव्ह्यूत आई घुसली म्हणजे संपलंच सगळं. खरं सांगू? मी घाबरले.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा पांढराफटक होता.

"डॉक्टरकाकांना बायॉलॉजी कोणी सांगितलं?"

"मी."

"का?"

"लाज वाटायची गं."

"मी पण इंटरव्ह्यूवाल्यांना तेच सांगितलं, की बहुतेक माझ्या आईला लाज वाटत असेल." मग हळूच म्हणाली, "आय वॉज होपिंग, माझं चुकलं असेल."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावून सगळं कबूल केलं. त्यांनी त्याच दुपारी कॉलेजला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. तीन आठवड्यांनी तिला सीट मिळाली.

मला ते तिच्या बाबाने सांगितलं.