सुलास्मीबाईंचा लाल फोटो

सुलास्मीबाई डोंगरावरच्या शाळेत चौदा वर्षं पहिलीचा वर्ग घेत होत्या, तेही हंगामी. बाई सरळ, इतक्या सरळ की बघून राग यावा. रांगेत कुणी घुसलं तर ह्याच मागे सरकून त्याला जागा करून देणार.

त्या वर्षी त्यांच्याच शाळेत सरकारी शिक्षकाची एक जागा निघाली. एकच. वयाची अट पस्तिसाची, आणि बाई पुढच्या महिन्यात पस्तिशी ओलांडणार. म्हणजे ही जागा गेली की कायमची गेली. अर्ज ऑनलाइन, आणि डोंगराखालच्या वोनोगिरी गावच्या बाजारात इंटरनेटचं दुकान माझं. त्याच जागेसाठी माझी बायको रेतनो अर्ज भरणार होती. बाईंना ते ठाऊक नव्हतं.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात मी दुकानातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर नवा ब्राउझर टाकला आणि अर्जाचे फोटो चढेनात. ‘फोटो निवडा’ दाबलं की चौकट राखाडी व्हायची आणि तशीच बसायची. सोमवारी अर्धा दिवस डोकं फोडल्यावर कळलं, भरतीची वेबसाइट जुन्या वळणाची, तिचं नव्या ब्राउझरशी पटत नाही. चार नंबरच्या कॉम्प्युटरवर पुन्हा जुना ब्राउझर टाकला. रेतनोचा फोटो एका दमात चढला. मग चार नंबरवर ‘बंद आहे’ अशी चिठ्ठी चिकटवली.

मंगळवारी बाई आल्या. “दादा, फोटो जातच नाही हो.”

“बघू. अहो, हा काय लाल रंग आहे? मागचा पडदा विटलाय! सरकारी फोटोला लालभडक लागतो. पोरांना रंग शिकवता ना तुम्ही?”

बाई ओशाळून हसल्या. स्टुडिओत जाऊन, उसना पांढरा शर्ट घालून दुसरा फोटो काढून आल्या. चौकट राखाडीच.

बुधवारी म्हटलं, फोटो जड आहे. लहान केला. मग म्हटलं, फाइलच्या नावात मोकळी जागा चालत नाही. नाव बदललं. शेवटी काही सुचेना तेव्हा म्हटलं, “मान डावीकडे कललीय बाई. कॉम्प्युटर वाकडी माणसं घेत नाही.”

शेजारचा झेरॉक्सवाला पार्तोनो पोट धरून हसला. मलाही हसू आवरेना.

“माझंच चुकलं,” बाई म्हणाल्या. “नीट बसायला हवं होतं.” आणि तिसरा फोटो काढायला गेल्या.

गुरुवार शेवटचा दिवस, मुदत दुपारी चारपर्यंत. बाई शाळा सोडून धावत आल्या. तीन वाजता त्यांनी चार नंबरकडे बोट केलं. “त्याच्यावर एकदा बघू का, दादा?”

“चिठ्ठी वाचता येते ना?”

“हो हो, तेही खरंच.”

चार वाजले. मुदत संपल्याची पाटी पडद्यावर आली तरी बाई बटण दाबतच होत्या. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले. उठताना पिशवीतून पानात बांधलेलं तिवुल काढलं, घरच्या कसाव्याच्या कंदाचं पीठ वाफवून केलेलं, वर खोबरं. “तीन दिवस किती खपलात माझ्यासाठी. खा.”

मी खाल्लं. छान होतं. लाज वाटली का म्हणाल, तर थोडी वाटली, हात धुवेपर्यंत.

परीक्षेला त्या जागेसाठी रेतनो एकटीच. तिची निवड झाली आणि कायमचा शिक्षक आल्यावर हंगामीची गरज उरली नाही. शाळेनं बाईंना महिनाअखेर कमी केलं. जाण्याआधी आठवडाभर त्यांनी रेतनोला शेजारी बसवून वर्ग समजावून दिला आणि एक वही तिच्या हातात ठेवली.

रेतनोनं घरी ती वाचून दाखवली. अठ्ठावीस मुलांची अठ्ठावीस पानं. कोण उपाशी येतं, कुणाला एका कानानं ऐकू येत नाही, कुणाचा बाप मारतो. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, ‘माझ्यासाठी पहिले काही दिवस रडतील. रागावू नका, लवकर विसरतात.’

“काय करू हिचं?” रेतनोनं विचारलं.

“ठेव,” मी म्हटलं. “तुझं काम वाचेल.”