साहेबाच्या लाल बाटलीची राखण

आमच्या जाऊबाई, जमुनाबाई, नाकानं स्वयंपाक करायच्या. चेष्टा नाही करत. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्या घरी कोणी जिभेला काही लावत नसे, त्यामुळे भाजीत मीठ पडलं का, तूप खवट झालं का, हे त्या वासावरूनच सांगत. अमरावतीतल्या आमच्या आळीच्या बायका लोणच्याच्या बरण्या घेऊन यायच्या. जाऊबाई एकदा हुंगायच्या आणि "खा" किंवा "फेक" एवढंच बोलायच्या. वर कोणी काही विचारलं की चिडायच्या.

दुसरं वेड अमानतीचं. शेजारणी काशीला निघाल्या की पाटल्या यांच्याकडे ठेवून जायच्या. स्वतःच्या पाटल्या हरवल्या असत्या तर बाईंनी चार दिवस तोंड पाडलं असतं आणि विसरल्या असत्या. पण दुसऱ्याची साधी वाटी त्यांच्या हातून गेली असती तर त्यांनी अन्न सोडलं असतं. मला हे जरा अतीच वाटायचं, आणि मी ते बोलूनही दाखवायची.

ते कापसाच्या तेजीचे दिवस होते. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. माझे भासरे उत्तमराव, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, कापसाचे दलाल. त्यांच्याकडे एक गोरा साहेब कापूस घ्यायला यायचा. तो लग्नासाठी विलायतेला निघाला तेव्हा त्यानं एक बाटली आणून दिली. आत द्राक्षांची लाल दारू. हिंदुस्थानात येताना त्याच्या बापानं दिली होती, बायको घेऊन आलास की दोघं मिळून प्या म्हणून. पुढं तो बाप वारला. बंगल्यावरच्या नोकरांचा भरवसा नाही आणि जहाजावर फुटायची भीती, म्हणून साहेबानं ती आमच्याकडे ठेवली.

आता दारू घरात कशी घेणार? देवघर, स्वयंपाकघर, माजघर, सगळंच बंद. जाऊबाईंनी ती गोणपाटात गुंडाळली आणि अंगणातल्या पेवात ठेवायला लावली. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खड्डा. त्या वर्षी जो तो कापूस पेरत होता, त्यामुळे पेव रिकामंच होतं. तोंड शेणामातीनं लिंपलं आणि बाईंनी हात झटकले.

असेच काही उन्हाळे गेले. एके दिवशी निरोप आला, की साहेब अकोल्यापर्यंत पोचला आहे, बायको बरोबर आहे, परवा येतो. आमचा सालदार नत्थुजी पेवात उतरला आणि त्यानं बाटली वर दिली. बुचावरची लाख तडकली होती, कडेला बुरशी आली होती. उजेडात धरली तर तळाशी काळा गाळ दिसला. जाऊबाईंनी बाटलीचं तोंड बुचासकट नाकाशी नेलं आणि त्या मटकन खालीच बसल्या.

"नासली वं," त्या मला म्हणाल्या. "आंबूस वास येऊन राहिला. मेलेल्या बापाची वस्तू, आता कोठून आणून देऊ त्याले?"

मी म्हटलं, "बाई, दारूचा वास आणखी कसा असते?"

"मले काय ठाऊक? मी कधी हुंगली?"

खरंच होतं ते. आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. नत्थुजी मोहाची घ्यायचा. तो मोठ्या आशेनं म्हणाला, "मालकीणबाई, मी एक घोट घेऊन सांगतो ना!"

"उष्टी करतं काय मेल्या त्याची अमानत?" बाई अशा कडाडल्या की तो गोठ्यापर्यंत मागं सरकला.

झालं. चाखावी तर उष्टी होते, न चाखावी तर कळत नाही. भासऱ्यांनी सुचवलं, की तशीच देऊ, साहेब उघडेल तेव्हा उघडेल, आपण काही बोलायचं नाही. बाईंनी नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ते पागोटं चढवून बाजारात निघून गेले. बाईंनी दोन दिवस नुसत्या पाण्यावर काढले. त्यांच्या मानी स्वभावाची मला चीड यायची, पण त्या दिवसांत मात्र त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

साहेब आला. मडमेला घेऊन ओसरीवर बसला. पेले त्यानं बरोबरच आणले होते, ते बरं झालं. जाऊबाई दाराआडून त्याच्याशी पहिल्यांदाच बोलल्या.

"सायेब, तुमची अमानत माह्या हातून नासली. मले माफी द्या."

भासऱ्यांनी ते हिंदीत सांगितलं. साहेबाचा चेहरा पडला. त्यानं बूच काढलं, बाटली हळूहळू तिरपी केली आणि गाळ तळाशीच राहू देत पेल्यात थोडी दारू ओतली. उजेडात धरली, हुंगली, मग एक घोट घेतला. जाऊबाईंनी माझं मनगट एवढं आवळलं की बांगडी रुतली. साहेबानं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते भरून आले होते.

"खराब नहीं, बाई," तो म्हणाला. "बहुत अच्छी है. बहुत ही अच्छी." आणि त्यानं पेला बायकोच्या हातात दिला.

साहेबानं मग सांगितलं, वास जुन्या दारूचाच होता आणि गाळही तिचाच. पेवातल्या गारव्यानं आणि अंधारानं ती राखली होती. आम्हाला यातलं काही कळायचं कारणच नव्हतं. जाऊबाई भिंतीला टेकून रडल्या, पदर तोंडात धरून, लहान पोरीसारख्या. मग त्यांनी डोळे पुसले आणि भाकर मागितली. मीही रडत होते, हे त्यांनी पाहिलं नाही, पाहिलं असतं तर टोमणा मारला असता.

निघताना साहेब फार खुशीत होता. गाडीत आणखी बाटल्या आहेत, त्याही बाईंकडेच ठेवाव्यात असा त्याचा विचार होता. भासरे मान डोलावणार तेवढ्यात दाराआडून आवाज आला. तोंडात घास होता, पण शब्द स्पष्ट होते.

"सायबाले सांगा, मडमेले घेऊन हजारदा ये म्हणा. जेव, चार दिस राय, माहेरासारखं. पण ठेवाले काई आणू नोको."