फ्लॅश न वापरता काढलेला फोटो

माझा देवावर विश्वास आहे, बाकी कशावर नाही, हे आधीच सांगून ठेवते. ठाण्यातल्या एका कॉलेजात मी फिजिक्सची लॅब सांभाळते. भिंगं, आरसे, प्रकाशाचे किरण हे माझं रोजचं. या ग्रुपवरचे पांढऱ्या साडीचे आणि पैंजणांचे भुताटकीचे अनुभव मी चवीने वाचते आणि मनात म्हणते, झोप झाली नसेल बिचाऱ्यांची... त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय याचं मलाच हसू येतंय.

मी आणि माझा नवरा विनय माजिवड्याला राहतो. धाकटा दीर मंदार आणि त्याची बायको ऋतुजा डोंबिवलीला. सासूबाई कल्याणला एकट्या असतात, पण फोनवरून दोन्ही घरं व्यवस्थित चालवतात. त्यांची जुनी बिल्डिंग पाडून नवीन झाली आणि त्यांना फ्लॅटचा ताबा मिळाला. भिंती इतक्या गुळगुळीत की त्यांनी जाहीर करून टाकलं, "हॉलमध्ये खिळा एकच ठोकायचा. त्यावर आपल्या देवीचा मोठा फोटो. आणि चांगला पाहिजे हं, ऋतुजा काढते तसा."

ऋतुजा काढते तसा!

मी ऋतुजावर जळते. कांदा चिरताना, सिग्नलला थांबलेली असताना, केव्हाही. माझ्या लेकीच्या साखरपुड्याला आम्ही चांगला फोटोग्राफर ठरवला होता, पण सगळ्यांच्या स्टेटसला फोटो कोणाचे? ऋतुजाचे. फोटो तर फोटो, तिचे कमरेपर्यंतचे केससुद्धा मला बघवत नाहीत. मीसुद्धा हौसेने कॅमेरा घेतला होता, पण माझे फोटो बघून लोक "छान" म्हणतात आणि पुढचा बघतात.

म्हणून ठरवलं, त्या खिळ्यावर माझा फोटो लागणार.

आमची कुलदेवी गुहागरच्या बाजूला. देऊळ छोटं, सभामंडप लाकडी आणि ठेंगणा, आत दोन समया तेवढ्या. बाहेर टळटळीत दुपार असली तरी आत गेल्यावर आधी डोळ्यांना काहीच दिसत नाही. फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉड गुरव आत आणू देत नाहीत. गाडीत सासूबाईंचं सामान एवढं असतं की माझ्या वाट्याला एक खांद्यावरची पिशवी. म्हणजे एक कॅमेरा आणि एकच लेन्स. कुठली, यावर मी झोप घालवली. कॅमेऱ्याबरोबर आलेली झूम लेन्स अंधारात कुचकामी. तिच्यातून उजेडच कमी येतो, मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवावी लागते आणि फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येतात. पन्नासची लेन्स उजेड भरपूर घेते, पण मंडपात मागे सरकायला जागा नाही, नुसतं देवीचं नाक आलं असतं. शेवटी पस्तीसची घेतली, एफ वन पॉइंट एट, म्हणजे चौकटीत जास्त मावतं आणि उजेडही भरपूर. घरात पडदे लावून, समई पेटवून महिनाभर सराव केला. विनय म्हणाला, "अगं, लाईट बिल वाचतंय, चालू दे."

निघायच्या आठवड्यात ऋतुजाचा पाय जिन्यात मुरगळला आणि प्लास्टर लागलं. ती आणि मंदार येणार नव्हते. मला वाईट वाटलं, असं मी फोनवर म्हटलं.

"वहिनी, माझी लेन्स घेऊन जा ना," ती म्हणाली. "मंदार आणून देईल."

"नको गं, माझं सगळं ठरलंय." तिची लेन्स नेली असती तर फोटोही तिचाच झाला असता.

सकाळची आरती आटोपून गर्दी पांगली. मंडपात आम्ही तिघं आणि गुरव. "समईच्या उजेडात काय येईल तें घ्या हां ताई," असं म्हणून ते बाहेर जाऊन बसले. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

आता हे नीट वाचा. चेहरा सापडला की माझ्या कॅमेऱ्यात त्यावर एक पांढरी चौकट येते आणि फोकस तिथे होतो. देवीच्या मुखवट्याला नाकडोळे आहेत, म्हणून चौकट तिथे जाईल अशी माझी अटकळ होती. गेलीही. मग सरकली आणि डावीकडच्या खांबापाशी जाऊन थांबली. मी कॅमेरा खाली केला. खांब, खांबाला टेकवलेली केरसुणी... बस.

पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"विनय, त्या खांबापाशी उभा राहा बरं."

तो राहिला. चौकट त्याच्या चेहऱ्यावर यायला हवी होती. ती आली नाही. थोडी बाजूला झाली, एखाद्याने जागा करून द्यावी तशी.

मी वैतागले. कॅमेऱ्याचं चेहरा शोधणं बंद केलं, हाताने फोकस लावला आणि देवीचे भराभर फोटो काढले. सासूबाई ओटी भरत होत्या, त्यांनी विचारलं, "झाला का गं मनासारखा?" मी "झाला" म्हटलं.

खानावळीत ताटं यायची होती, तेवढ्यात मी फोटो मोठे करून बघितले. देवी पुसट. सगळ्या फोटोंत. आणि खांबापाशी ऋतुजा. पापण्यांचे केससुद्धा दिसावेत इतकी स्वच्छ. अंगात घरातला निळा गाऊन, आणि केस मानेपर्यंत कापलेले. पायाला प्लास्टर नाही, दोन्ही पायांवर सरळ उभी.

भीती नंतर वाटली. आधी आला तो संताप. एवढा अभ्यास करून, एवढ्या लांब येऊन फोटो काढला, तर त्यातही हीच!

मग तिची नजर बघितली. ती देवीकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे बघत होती. ओठ घट्ट मिटलेले, डोळे तिथेच अडकलेले. तो चेहरा मी ओळखला. लोक ऋतुजाचे फोटो बघून वा वा करतात तेव्हा माझा असा होतो.

कॅमेरा विनयकडे दिला. त्याने फोटो आणखी मोठा केला.

"ही ऋतुजा आहे."

"हो."

"अगं, ती डोंबिवलीत आहे!"

"मला माहितेय रे."

"काय झालं? आले नाहीत का फोटो?" सासूबाईंनी विचारलं.

"आलेत, आई," तो म्हणाला आणि कॅमेरा बंद करून माझ्या पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना कल्याणला सोडलं आणि मी गाडी डोंबिवलीला घ्यायला लावली. दार मंदारने उघडलं. ऋतुजा खुर्चीत, पाय टीपॉयवर. निळा गाऊन. केस मानेपर्यंत.

"वहिनी, अशा काय बघताय? केस? अहो, पाय हा असा, रोज न्हायला कोण घालणार? काल सकाळी पार्लरवालीला घरी बोलावलं, म्हटलं कापून टाक."

मंदार चहा टाकायला आत गेला. मी कॅमेरा तिच्या हातात दिला. ती किंचाळेल असं मला वाटलेलं. तिने एकेक फोटो बघितला आणि विचारलं, "कुठली लेन्स?"

"पस्तीस."

"आईशप्पथ, काय शार्प आहे..." आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं.

"काल केस कापून झाल्यावर मी इथेच बसलेले. म्हटलं, आता वहिनी मंडपात पोचल्या असतील, लेन्स लावली असेल. आणि मला तुमचा इतका राग आला ना! तुम्हाला सगळंच येतं. तुमची नोकरी आहे, लॅब आहे, काही झालं की आई आधी तुम्हाला फोन करतात. माझ्याकडे हे एकच होतं. लोक म्हणायचे, फोटो ऋतुजाचे. तेही आता वहिनी नेणार, असं वाटलं. मी डोळे मिटून बसले होते, आणि अगदी तिथेच उभं राहून तुम्हाला बघतेय असं वाटत होतं... वहिनी, मी जळत होते तुमच्यावर."

माझ्यावर! माझ्यावर कोणी जळत असेल असं मला जन्मात वाटलं नव्हतं. अंगावर काटा आला होता, आणि तरीही आत कुठेतरी इतकं बरं वाटलं की विचारू नका.

"वेडी आहेस का?" मी म्हटलं. "मी जळते तुझ्यावर."

"कशावरून?"

"सगळ्यावरून. केसांवरूनसुद्धा."

तिने मानेवरून हात फिरवला आणि आम्ही दोघी फिसकन हसलो. चहा घेऊन आलेला मंदार दारातच थांबला.

सासूबाईंना मात्र फोटो हवाच होता. एकात देवी त्यातल्या त्यात बरी आली होती, तो मोठा करून नेला. त्यांनी चष्मा लावून बघितला. "ऋतुजाला जोडलंस होय त्यात, कॉम्प्युटरवर? बरं केलंस हो. तिला यायला मिळालं नाही, माझ्या जिवाला लागून राहिलेलं. फक्त चेहरा जरा हसरा घ्यायचा होतास." आणि विनयला लगेच खिळा ठोकायला लावला.

लेन्स दुकानात दाखवली, काही दोष नाही. आधीच्या फोटोची सरमिसळ म्हणावी, तर तिचे केस त्याच सकाळी कापलेले, असा फोटो माझ्याकडे असणार कसा? मंडपात आरसा नाही, काच नाही. लॅबमध्ये त्याच लेन्सने मी रिकाम्या खुर्चीचे ढीगभर फोटो काढले, रिकामी खुर्चीच आली. कोणाकडे याचं उत्तर असेल तर खाली जरूर लिहा, माझ्याकडे नाही.

प्लास्टर निघालं, पाय बरा झाला आणि परवा ऋतुजा मैत्रिणींबरोबर राजस्थानला गेली. जुने महाल, आत अंधार, फ्लॅशला बंदी. तिने माझी पस्तीस मागितली, मी दिली. पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, फोटोत आलात तर जरा हसा हं."

आज तिचा पहिला महाल. सकाळपासून मी कपाटं आवरली, डबे घासले, मन तिकडे जाऊ नये म्हणून आता हे लिहायला बसलेय. पण गाऊन बदलून बरी साडी नेसलेय. केसही विंचरलेत. असावं आपलं तयारीत.