केबिनच्या पत्र्यावरचा ठोका

मी डहाणूला सरकारी नोकरीत आहे, नवरा रेल्वेत सिग्नलच्या कामावर. आमच्या घरात लिंबू कापतात ते सरबतासाठी. अंगात येणं, बाधा, उतारा असलं काही कानावर आलं की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. त्यामुळे इथे लोक लिहितात ते अनुभव वाचून मी आजवर फक्त हसत आले... पण हे मला कुणी सांगितलेलं नाही. ते माझ्या स्वतःच्या पाठीला लागलेलं आहे.

आम्ही राहतो आशागडला. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि धाकटा दीर केतन. केतनचा छोटा पिकअप आहे. आजूबाजूच्या वाड्यांतले चिकू भरायचे, चारोटीला हायवे धरायचा, तलासरी, अच्छाड ओलांडून वापीच्या मार्केटला माल टाकायचा आणि रिकामे क्रेट घेऊन परत यायचं. सासरे, म्हणजे बाबा, रोज त्याच्याबरोबर असत. जाताना मागे हौद्यात क्रेट धरून, येताना पुढे त्याच्या शेजारी.

हौद्यातल्या माणसाने केबिनच्या पत्र्यावर एक ठोका दिला की थांब, दोन दिले की चल. आमच्याकडे सगळ्याच पिकअपवाल्यांत हेच चालतं. पण बाबांचा हात जरा सैल होता. क्रेट हलला, ठोका. ओळखीचा माणूस दिसला, ठोका. नारळपाणी प्यायचंय, ठोका. केतन वैतागायचा. म्हातारा दिवसभर पाठीत हातोडे घालतो, असं तो जेवताना आईंसमोर, म्हणजे माझ्या सासूबाईंसमोर, बोलून दाखवायचा.

मग त्याने केबिनमध्ये गाण्यांसाठी वूफर बसवायचं काढलं. अच्छाडला हायवेलगत ट्रक सजवणाऱ्यांची दुकानं आहेत, त्यातल्या एकाकडे. मला त्या दिवशी तलासरीला काम होतं म्हणून मीही गाडीत होते, आणि ते फिटिंग मी चहा पीत पूर्ण पाहिलं. एवढीशी केबिन ती, सीटच्या मागे जेमतेम हात जाईल एवढी फट. तयार खोका काही बसेना. तेव्हा कारागिराने माप घेऊन प्लायवूडचा चपटा खोका बनवला, या दारापासून त्या दारापर्यंत. मागची काच त्याच्याआड गेली. केबिनचा मागचा पत्रा खडखडू नये म्हणून त्यावर आतून जाड काळी रबरी शीट चिकटवली. सीट पुढे ओढून ताठ करावी लागली.

बाबा कौतुकाने पुढे बसायला गेले, तर गुडघे डॅशबोर्डला टेकले. त्यांना संधिवात. ते उतरले आणि हौद्यात जाऊन बसले.

"बरं झालं," केतन मला म्हणाला, "आता म्हातारा मागे आणि त्याची ठकठकपण मागेच."

मी त्याला चांगलंच झापलं. त्याने गाण्याचा आवाज वाढवला. घरी आल्यावर बाबा म्हणाले की मी वाटेत कितीदा ठोकलं, याला पत्ताच नाही. केतनला ते एवढं आवडलं की तो गल्लीभर सांगत सुटला.

मे महिन्यातली दुपार होती. मी सुट्टीवर, घरीच होते. वापीहून पिकअप आला, गाणं चालूच. आमच्या खिडकीची तावदानं थरथरत होती. केतन उतरून हातपाय धुवायला गेला, मागून कोणी उतरलं नाही. आई पाण्याचा तांब्या घेऊन गेल्या... आणि तिथेच उभ्या राहिल्या.

बाबा केबिनला खांदा लावून बसले होते, तोंड पत्र्याकडे. उजवा हात अजून पत्र्याला टेकलेला. बोटांची पेरं सोलून निघाली होती आणि पांढऱ्या पत्र्यावर तपकिरी डाग पडला होता. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. लगेच थांबून आणलं असतं तर कदाचित.

संध्याकाळी शेजारचा एक मुलगा भेटायला आला. तो बाईकवर त्यांच्या मागूनच येत होता. "मला वाटलं काका गाण्यावर ताल धरतायत," तो रडत म्हणाला, "मी त्यांना हातपण केला."

आईंनी त्याला एवढंच विचारलं की कुठपासून. तो म्हणाला, चारोटीला हायवे सोडून वळल्यापासून, म्हणजे अर्धा तास तरी. आईंनी मान हलवली, ओलं फडकं घेतलं आणि बाहेर जाऊन पत्रा पुसला. केतनशी त्या दिवसापासून त्या कामापुरतंही बोलल्या नाहीत. ताट मात्र वाढायच्या.

केतनने पहारीने तो खोका उचकटला, रबरी शीट ओरबाडून काढली, सगळं भंगारात दिलं. तेरावं झाल्यावर तो पहिल्यांदा वापीला गेला, एकटाच. परत आला तो पांढराफटक पडलेला. चारोटीचं वळण घेतल्यावर मागून एक ठोका आला, म्हणाला. त्याने गाडी थांबवली, हौद्यात कोणी नाही. आम्ही त्याला समजावलं. माझ्या नवऱ्याने पत्रा ठोकून पाहिला, बोल्ट आवळले, उन्हाने पत्रा तडकतो असं शास्त्र सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा ठोका. केतनने मित्राचा पिकअप नेला. त्यातही आला.

मग मी गेले त्याच्याबरोबर, भर दुपारी. हौदा रिकामा, क्रेटसुद्धा नाही, मागचा फाळका मी स्वतः लावला. गाडी वळली आणि माझ्या पाठीमागे, दोन खांद्यांच्या मधोमध, पत्र्यावर ठोका बसला. आवाज नंतर आला, आधी धक्का. मी वळून काचेतून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

केतनने गाडी थांबवली. तेव्हा त्याने मला ते सांगितलं, जे घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. एकदा तो थांबला नव्हता. घाबरून त्याने गाडी तशीच दामटली, तर ठोके येतच राहिले. आधी जोरात, मग हळू, मग बोट टेकवल्याइतके. घर जवळ आल्यावर बंद झाले.

"वहिनी, बाबा एवढा वेळ ठोकत होते," तो म्हणाला.

त्यानंतर तो रोज थांबायचा, आणि थांबला की पुढे जाता यायचं नाही. दोन ठोके मिळाल्याशिवाय चल कसं म्हणायचं... बसून राहायचा. मागून कोणी शिव्या घातल्या, दार उघडून हलवलं, की मग निघायचा. वाडीवाल्यांनी त्याला माल देणं बंद केलं. तो जेवेना, झोपेना. दोन ठोके मिळाले की सुटेन, एवढंच बोलायचा. पोरगा हातचा जाणार हे आम्हाला दिसत होतं.

शेवटी मीच आईंपुढे हात जोडले. म्हटलं, तुमचा हात म्हणजे बाबांचाच हात. तुम्ही मागे बसा आणि याला दोन ठोके द्या, तो सुटेल. माझा विश्वास नव्हता, पण त्याचा होता. आई म्हणाल्या, "चला."

नवऱ्याने त्यांना हौद्यात चढवलं. बाबा बसायचे तिथेच त्या बसल्या. मी पुढे, केतनजवळ. चारोटीपर्यंत जाऊन आम्ही परत वळलो. नेहमीच्या जागी नेहमीचा ठोका आला. केतनने गाडी बाजूला घेतली, इंजिन चालू ठेवलं आणि डोळे मिटले.

मग मागून ठोका आला. हा वेगळा होता, त्याच्याबरोबर आईंच्या हातातलं कडं पत्र्यावर वाजलं. केतनच्या चेहऱ्यावर हसू आलं, कितीतरी दिवसांनी. तो दुसऱ्याची वाट पाहत राहिला.

दुसरा आलाच नाही.

मी वळून काचेतून पाहिलं. आई आमच्याकडेच पाहत होत्या, हात मांडीवर. केतन उतरून मागे गेला, फाळक्याला धरून उभा राहिला.

"आई, अजून एक दे ना."

"आता थांबलायस ना," आई म्हणाल्या, "मग थांब."

त्या दिवशी मी फोन करून नवऱ्याला बोलावलं, गाडी त्यानेच घरी आणली. केतन आता गाडी चालवत नाही, फारसं बोलतही नाही. चालताना मध्येच उभा राहतो, मग कोणीतरी हाताला धरून घरात आणावं लागतं. बहुतेक वेळा आईच आणतात, आणि पान वाढतात.

मधल्या त्या ठोक्यांचं काय, ते मला आजही कळलेलं नाही. पत्रा होता, मन होतं, की खरंच बाबा होते... तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर सांगा. पण खरं सांगू, मला त्या ठोक्यांची आता भीती वाटत नाही. शेवटचा ठोका कोणाचा होता ते मला पक्कं माहीत आहे, आणि मी रोज त्यांच्याच हातचं जेवते.