व्याह्यांचा डबा आणि वन्संच्या कण्या

पुणे सोडलं तेव्हा आमच्या व्याह्यांच्या पोटात दोन केळी होती आणि माझ्या पोटात गोळा. व्याही म्हणजे ॲलन, स्कॉटलंडचे. माझ्या अश्विनीनं त्यांच्या मुलाशी तिकडेच नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि रविवारी पुण्यात आमच्या लोकांसाठी स्वागतसमारंभ होता. मुलगी-जावई शनिवारी येणार होते. हे दहा दिवस आधी आले, कारण सगळा जन्म ओतकामाच्या कारखान्यात गेलेल्या या माणसाला कोल्हापूरच्या फाउंड्र्या बघायच्या होत्या. माझ्या नणंदेच्या यजमानांची, दादांची, शिरोली एमआयडीसीत तशी एक आहे. आमच्या ह्यांचा गुडघा धरलेला, म्हणून व्याह्यांना घेऊन मीच निघाले.

गोळ्याचं कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. आल्या दिवशी ॲलननी ओट्सचा भलामोठा डबा आणून माझ्या स्वयंपाकघरात ठेवला. पाहुण्यानं डबा दिला तर आपण काय समजणार? मी साखर, वेलदोडे, काजू घालून सगळ्याची खीर केली आणि अख्ख्या इमारतीत वाटली. त्यांनीही वाटीभर खाल्ली, छान म्हणाले. तिसऱ्या दिवशी अश्विनीचा फोन आला. "आई, सासऱ्यांना रोज सकाळी त्या ओट्सचं मीठ घातलेलं पॉरिज देतेस ना? त्यांच्या पोटाला दुसरं काही सोसत नाही. म्हणून तर डबा दिलाय बरोबर."

मी धावत जाऊन दुकानातले झटपट ओट्स आणले. त्याची खळ झाली. ॲलननी दोन चमचे खाल्ले, आभार मानले आणि वाटी बाजूला ठेवली. माणूस इतका सभ्य की चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हातकणंगल्याला गाडी थांबली तेव्हा समोरच्या बाकावरचे पटकेवाले आजोबा मला म्हणाले, "पावणं आजारी हायत काय? त्वांड पार उतरलंय की."

"खात नाहीत काही," मी म्हटलं.

"मग खायाला घाला की! नुसतं बघत बसलाय व्हय?" असं म्हणून त्यांनी पिशवीतला पेरू ॲलनच्या हातात ठेवला. ॲलननी तो दोन्ही हातांनी घेतला आणि कोल्हापूर येईपर्यंत तसाच धरून ठेवला.

मंगळवार पेठेत वन्संकडे (मोठ्या नणंदेला मी वन्सं म्हणते) आमची वाटच पाहत होते. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण. ॲलननी पांढऱ्या रश्श्याचे चार घोट घेतले, त्यांना उचकी लागली आणि मग ते कोरड्या भाकरीवर थांबले. दुपारी शिरोलीला भट्टीतून लालभडक लोखंड साच्यात उतरताना मात्र त्यांचे डोळे चमकले. दादांशी हातवाऱ्यांनी गप्पा सुरू झाल्या. पाचच मिनिटांत ते भिंतीला टेकून खाली बसले, चेहरा पांढराफटक. दादांनी पाणी दिलं. ॲलन माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "परतीचं विमानाचं तिकीट अलीकडचं करून मिळेल का? रविवारपर्यंत माझा निभाव लागेलसं वाटत नाही."

झालं! नवऱ्यामुलाचे वडीलच नाहीत असा समारंभ, आणि तोही माझ्या खिरीमुळे. अश्विनीला काय तोंड दाखवणार होते मी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि ॲलन न्याहारीला बसलो. पुढ्यात मिसळ. वन्सं आत चुलीपाशी म्हणजे गॅसपाशी उभ्या. ॲलन नाक वर करून हुंगू लागले आणि उठून थेट आत गेले. मीही मागोमाग धावले. वन्सं पातेल्यात लाकडी दांडा फिरवत होत्या. पाहुणा दिसताच त्यांनी चटकन झाकण टाकलं.

"काय आहे त्यात?" मी विचारलं.

"काय न्हाई गं. माज्या कण्या." (जोंधळ्याचा जाडसर भरडा मीठ घालून शिजवतात, त्या कण्या.) "साखरेच्या आजारामुळं मला मिसळ-पाव चालत न्हाई, म्हणून सकाळी ह्येच खाते."

"यांना द्या थोड्या."

"पावण्याला कण्या? येड लागलंय काय तुला! लोक काय म्हणतील?"

तोवर ॲलननी स्वतःच झाकण उचललं होतं. "यात मीठ आहे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "साखर?"

वन्संना तेवढा शब्द कळला. "साखर कशाला घालतंय कोण ह्यात!"

ॲलन आठ दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं हसले. त्यांनी एका वाडग्यात कण्या घेतल्या आणि दुसऱ्या वाटीत ताक. गरम कण्यांचा चमचा गार ताकात बुडवायचा आणि तोंडात घालायचा, असं उभ्या उभ्या चाललं. आमच्याकडे पॉरिज दुधाबरोबर अस्संच खातात, म्हणाले. वाडगा संपला, दुसरा घेतला. वन्संही आपली थाळी वाढून घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. मग पातेल्याकडे बोट दाखवून ते मला म्हणाले, "पाहुणे आले की माझी आईसुद्धा असंच झाकण टाकायची. गरिबाचं खाणं दिसू नये म्हणून."

मी ते वन्संना मराठीत सांगितलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि तिसरा वाडगा भरला. मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी बाहेर येऊन दोन्ही ताटं मिसळ एकटीनं संपवली.

दुपारी ॲलन दादांबरोबर पुन्हा शिरोलीला गेले आणि संध्याकाळपर्यंत भट्टीपाशी उभे राहिले. तिकिटाचं नाव कुणी काढलं नाही. परतीच्या गाडीत त्यांच्या मांडीवर वन्संनी दिलेली कण्यांची पिशवी होती. तिला मी हात लावणार नव्हते. आठ दिवस जो माणूस उपाशी राहिला पण माझी चूक शब्दानं दाखवली नाही, त्याच्या घरी माझी मुलगी नांदते आहे, हे मला त्या प्रवासात पहिल्यांदा नीट उमगलं.

शनिवारी सकाळी घरी कण्या शिजत होत्या. मुलगी-जावई यायला तासभर होता. दार वाजलं आणि खीर खाऊन गेलेल्या शेजारणी आत आल्या. "आज काय केलंय खास?" असं म्हणत त्या सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. माझा हात आपोआप झाकणाकडे गेला. वाडगा धरून उभे असलेले ॲलन माझ्याकडे बघत होते.

मी झाकण खाली ठेवलं आणि म्हटलं, "कण्या. बसा, वाढते."