वहिनीचं वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझं बहुतेक सगळं न सांगताच कळतं!

मी माणगावजवळच्या गावातला निवृत्त शिक्षक. अधूनमधून व्याख्यानं देतो. लोक मला विचारवंत म्हणतात. का म्हणतात, तेच सांगायचंय.

सहा वर्षांपूर्वी मला 'माणूस अमर झाला तर' या विषयावर बोलायचं होतं. आदल्या दिवशी घरीच तालीम करत होतो. श्रोता एकच — वालाचं बिरडं सोलत बसलेली माझी थोरली वहिनी. शाळा चौथीपर्यंत. मी रंगात येऊन म्हणालो, "मरण नसेल, तर सुधारायला वेळच वेळ! एकेक दोष काढत माणूस शेवटी अगदी निर्दोष होईल."

वहिनीने मानसुद्धा वर केली नाही.

"कशाला हुईल, भावजी? मरायचंच न्हाय, तर तो रोज म्हणंल — उद्या सुधारतो."

झालं! माझं वीस पानी भाषण एका वाक्यात आडवं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात मी तेच वाक्य म्हटलं. जरा शुद्ध करून, मध्ये थोडं थांबून. टाळ्यांचा कडकडाट! एकाने उठून विचारलं, "सर, हे कुठे वाचलंत?"

दुसऱ्या रांगेत, नवं लुगडं नेसून, वहिनी बसली होती. नुसतं बोट दाखवायचं होतं — आणि मी काय म्हणालो? "चिंतनातून सुचलं."

हो, अगदी याच शब्दांत.

परतताना रिक्षात वहिनी म्हणाली, "काय डोकं हाय तुमचं!" ती विसरली होती? की मला सांभाळून घेत होती? मी विचारलं नाही. त्या वाक्याने मला पुढे महाडला नेलं, उरणला नेलं, शाली मिळवून दिल्या. प्रत्येक वेळी वाटायचं — पुढच्या भाषणात तिचं नाव घेऊ.

यंदा गणपतीत तिची नातवंडं आली. वहिनीने त्यांना माझ्यापुढे बसवलं. "भावजी, ते अमर माणसाचं सांगा की पोरांना. असं दुसऱ्या कुणाला सुचत न्हाय."

मी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. टोमणा कुठेच नव्हता. नुसतं कौतुक.

मग मी सांगितलं. पोरं खदखदून हसली. धाकटीने विचारलं, "आजोबा, हे तुम्ही शोधलंत?"

मी हो म्हणालो.